डोंगरावरची चाकं आणि रोटाचं दळण

हसायचं नाही, आधीच बजावून ठेवते. जो हसेल त्याच्या पुढचा चहाचा कप मी उचलून घेईन, आणि दुसरा मिळणार नाही.

माझ्यासारख्या बाईच्या हातून असा घोळ होईल, हे कुणाला सांगितलं तरी पटत नाही. मी म्हणजे कोण? साक्रीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि त्या गावातली पिठाची गिरणी चालवणारी मी, कमलअक्का. शिक्षण चौथी. पण गिरणीच्या उंबऱ्याच्या आत माझ्यापुढं तोंड उघडायची कुणाची टाप नाही. नवरा आहे. गाव त्यांना नाना म्हणतं. त्यांचीही नाही.

तर ही गोष्ट आमच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हाची. उंच पांढरे खांब आणि त्यांवर तीन-तीन पात्यांची चाकं. पहिले काही दिवस बैलगाड्या जुंपून लोक बघायला गेले. मग पावसाळा आला, वारं सुटलं, आणि आमच्या गावचे दिवे नाचायला लागले.

नाचायला म्हणजे कसे? गेले-आले असं नव्हे. तसं तर आमच्याकडं रोजचंच होतं, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. हे वेगळंच. बल्ब आधी फुलायचा. मग लगेच मलूल व्हायचा. पुन्हा फुलायचा. दमेकरी म्हाताऱ्याच्या छातीसारखा सारखा वर-खाली. आणि माझी गिरणी? तिचाही सूर तसाच. घर्रर्र... घुर्रर्र... घर्रर्र. मोटर जोरात असली की पीठ बारीक, दमली की जाड.

पहिला वार केला शेजारच्या इंदूबाईनं. माझी जिवाभावाची मैत्रीण, आणि जीभ म्हणाल तर कोयता. पिठाचा डबा घेऊन आली, मूठभर पीठ माझ्या नाकाखाली धरलं.

"अक्का, हाई पीठ शे का रवा?"

"अर्धं पीठ, अर्धा रवा. एका दळणात दोन मिळाले, आभार मान."

"तुन्ही गिरणीले काय व्हयनं?"

काय व्हयनं? मला तरी कुठं ठाऊक होतं? पट्टा घसरत असेल म्हणून त्याला राळ लावली. फरक नाही. दगडाला टाकी लावून घेतली. फरक नाही. जळगावहून नवा पट्टा आणवला. फरक नाही! शेवटी मोटर उतरवून धुळ्याला नेली. तिथल्या मोटर भरणाऱ्यानं ती फिरवली, कान लावला, म्हणाला, "बाई, हिला काही झालं नाही. तुमच्या गावाला काहीतरी झालंय."

आता मी काय गाव उचलून धुळ्याला नेऊ?

मग मी माझ्याच अकलेनं इलाज काढला. गिरणीत वर पत्र्याची पेटी असते, त्यातून दाणा खाली दगडात पडतो. पेटीच्या तोंडाशी एक सरकती पट्टी. ओढली की दाणा जास्त, ढकलली की कमी. मी त्या पट्टीच्या बरोबर समोर एक बल्ब टांगला. बल्ब फुलला की समजायचं, लाइटीला जोर आलाय. पट्टी ओढायची, दाणा सोडायचा, जोर आहे तोवर दळून घ्यायचं. बल्ब मलूल झाला की पट्टी ढकलायची, मोटरला श्वास घेऊ द्यायचा. डोळा बल्बवर, हात पट्टीवर. संध्याकाळी लाइट आली की गिरणी बंद होईपर्यंत ओढ-ढकल, ओढ-ढकल. खांदा दुखून यायचा.

आणि एवढं करूनही दिवे काय थांबतात? उलट जास्तच हलायला लागले, सावकाश आणि मोठे हेलकावे घेत! मला वाटलं, मी खाली एकटी सावरते आहे आणि वर ते डोंगरवाले मला हरवायला किती जोर लावत असतील!

हो, डोंगरवालेच. दुसरं कोण? चाकं यायच्या आधी आमचे दिवे कधी असे हलले होते?

इथं एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळेल. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्या देवीला रोट, म्हणजे नैवेद्याच्या पुरणपोळ्या, लागतात. त्यासाठी घरातल्या माणसागणिक गहू काढायचे, ते सोवळ्यानं दळून आणायचे, आणि ते पीठ असं बारीक हवं की पुरणाची पोळी लाटताना फाटता कामा नये. आदल्या शनिवारी गिरणी धुवून घ्यायची आणि दुसरं काही म्हणजे काही दळायचं नाही, फक्त रोटाचं. आमच्या गावच्या कानबाईचं पहिलं दळण माझ्या सासऱ्यांपासून आमच्याच गिरणीत पडतं. तो मान आमचा.

आणि शेजारच्या गावात माझ्या नणंदेची, गोदावरीवन्संची गिरणी. डिझेल इंजिनाची. तिला लाइट हलली काय आणि गेली काय! वन्सं मुद्दाम येऊन सांगून गेल्या, "वहिनी, काळजी नको करू. तुन्हा गावनं दळण औंदा मन्हाकडे लई ये. मी धुई ठेवस गिरणी."

तुम्हीच सांगा, हे प्रेम होतं का पाय ओढणं होतं? मी वन्संना चहा दिला. साखर घातली नाही.

तर मी पुरावा गोळा करायला लागले. पहिला पुरावा मला आपोआप सापडला. बाजाराच्या दिवशी मी गिरणी बंद ठेवून साक्रीला जायची. त्या दिवशी गावात दिवे कसे? निवांत! इंदूबाईच सांगायची, "आज बल्ब कसा गरीब गायसारखा."

मी विचार केला. मी नसले की दिवे नीट, मी आले की नाचतात. ह्याचा अर्थ काय? सरळ आहे! डोंगरावरून सगळं गाव दिसतं. मी एसटीत बसलेली त्यांना दिसते. मी नाही म्हटल्यावर कुणाला त्रास द्यायचा? म्हणून नीट लाइट सोडतात. त्यांचा दावा माझ्याशीच होता.

हे मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "त्यांना तू माहीत तरी आहेस का?"

"मला कोण ओळखत नाही?"

नानांनी टोपी घातली आणि बाहेर निघून गेले.

दुसरा पुरावा मात्र मला पक्का हवा होता. म्हणून एका संध्याकाळी मी नानांना गिरणीच्या पत्र्यावर चढवलं. तिथून डोंगरावरचं एक चाक स्पष्ट दिसायचं. ठरलं असं, की पातं खाली खांबासमोर आलं की नानांनी ओरडायचं, "आलं!" आणि मी आत बल्ब बघायचा. पातं आलं आणि बल्ब दबला, की चोर पकडला.

गिरणी चालूच होती. एक हात पट्टीवर होताच, तो कधी सुटतो?

"आलं!" नाना वरून ओरडले.

बल्ब फुललेला.

"आलं! आलं!"

बल्ब अजून फुललेलाच.

"आलं! आलं! आलं!"

"अहो, इतक्या भराभर कुठं येतं?"

"येतंय गं! वारं बघ केवढं आहे!"

"नीट बघा!"

"नीटच बघतोय. तुझा दिवा दबला का?"

"आत्ता दबतोय! आलं का?"

"आत्ता नाही आलं."

"मग 'आलं' म्हणा!"

"खोटं म्हणू?"

"पत्र्यावरून खाली उतरायचंय ना? शिडी कुणी धरायची?"

वर पत्रा करकरला. मग बारीक आवाजात, "आलं."

मिळाला पुरावा. साक्षीदारासकट!

दुसऱ्या दिवशी मी बायका गोळा केल्या आणि डोंगरावर निघाले. कुणाच्या हातात चाळणी, कुणाच्या हातात सूप. मी पदरात जाड पिठाची पुरचुंडी बांधून घेतलेली. चढ असला होता की वर पोचेपर्यंत निम्म्या बायकांचा राग दमून गेला. माझा नाही.

वर सिमेंटची एक खोली होती आणि तिच्या दारात चष्मा लावलेला एक साहेब. वैद्य त्याचं आडनाव. पुण्याकडचा. आम्हाला बघून उभा राहिला.

"कुणाला भेटायचंय?"

"ज्यानं आमचे दिवे हलवलेत त्याला."

मला वाटलं, आता हा नाही म्हणेल, मग मी पुरावा काढीन, मग नानांना पुढं करीन. सगळं मनात रचून आणलं होतं. तर तो माणूस काय म्हणतो?

"हो, थोडा झोका आमच्याकडून येतो खरा."

कबूल! एकदम कबूल! आता मी काय बोलू? भांडायला कंबर कसून गेलेल्या बाईपुढं असं कबूल व्हायचं असतं का? मागून इंदूबाईनं ढोसलं, "बोल ना!"

"पण... पण का येतो?" एवढंच सुचलं.

साहेबानं सांगितलं. वारा एकसारखा नसतो, कधी ढकलतो, कधी सोडतो. पातं खांबासमोरून गेलं की तेवढ्यापुरता जोर कमी होतो. त्यात इथली लाइन लांबच लांब आणि नाजूक. लांब दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं. एक टोक हललं की दुसरं हलतं, ते पुन्हा पहिल्याला हलवतं.

"म्हणजे तुमची चाकं आणि सरकारची लाइन यांचं भांडण," मी म्हटलं. "नवरा-बायकोसारखं."

"तसं म्हणा हवं तर."

"मग घरात भांडा की! शेजाऱ्यांची भांडी कशाला वाजवता?"

बायका हसल्या. साहेबही हसला. म्हणाला, "झोका मारायचं यंत्र येणार आहे. झोका ज्या बाजूला जाईल त्याच्या उलट धक्का देऊन ते त्याला शांत करतं. पण अक्का, मला एक कोडं सुटत नाही. आमचा झोका बारीक आहे आणि भराभर. तुमच्या गावाच्या लाइनवर दुसराच एक दिसतो. मोठा आणि सावकाश. मी वर सगळं तपासलं, भाग बदलून पाहिले. तो आमच्यात सापडतच नाही."

"वा! म्हणजे चोर म्हणतो, एक खिसा मी कापला, दुसरा कुणी कापला ठाऊक नाही!"

मी पुरचुंडी सोडली आणि जाड पीठ त्याच्या तळहातावर ओतलं. "ह्याची पोळी लाटून दाखवा."

त्यानं बोटांनी पीठ चोळलं. "ह्यात जाड आणि बारीक दोन्ही आहे."

"असणारच. जाड तुमच्या झोक्याचं, बारीक माझ्या कष्टाचं."

मग मी मागणी केली. येत्या शनिवारी आमच्या रोटाचं दळण. संध्याकाळी लाइट आल्यापासून दळण संपेपर्यंत सगळी चाकं बंद. मला वाटलं, आता तरी भांडेल. तर तो म्हणाला, "मी वरच्यांना विचारतो. खरं तर मलाही तेच बघायचंय. चाकं बंद असताना तुमच्याकडं काय होतं ते."

"काय व्हायचंय? सगळं नीट होईल. आणि तुम्ही स्वतः माझ्या गिरणीत येऊन बसायचं. इथं बंद म्हणायचं आणि मागून हळूच चालू करायची, असलं चालणार नाही."

"येतो," साहेब म्हणाला. पिठाचा हात कुठं पुसावा त्याला कळत नव्हतं. तसाच हात वर करून त्यानं निरोप दिला.

उतरताना आम्ही गाणी म्हणत उतरलो. गावानं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू! सरपंच आबा चौकात म्हणाले, "अक्कानी डोंगर थांबाडा." मी नुसती मान हलवली. आपण कशाला जास्त बोलायचं?

शनिवार उजाडला. मी गिरणी धुतली, पुसली, मोटरला हळदकुंकू लावलं, दारात रांगोळी घातली. दुपार उतरली तशा बायका यायला लागल्या. न्हाऊन, ओल्या केसांनी, टोपल्यांवर स्वच्छ फडकी. रांग पार आबांच्या ओट्यापर्यंत गेली. वैद्य साहेब वेळेवर आला. त्याला मी दाराजवळ गव्हाच्या पोत्यावर बसवलं. दुपारीच वन्संचाही निरोप आला होता, की संध्याकाळी बैलगाडी पाठवते, दळण राहिलं तर घालून द्या. नुसता निरोप ऐकून माझं डोकं तापलं.

मग बाहेर कालवा झाला. "थांबलं! ते पाहा, थांबलं!" सगळे डोंगराकडे बघत होते. एक चाक थांबलं, मग दुसरं, मग एकेक करत सगळी. एवढं वारं वाहत होतं आणि चाकं गप उभी. जन्मात मला एवढा मान मिळाला नव्हता.

लाइट आली. आबांच्या घरची पहिली टोपली, देवीची. मी पेटीत गहू ओतले, कानबाईचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. गिरणी सुरू. सूर कसा? सरळ. बल्ब कसा? सरळ. मी साहेबाकडं बघितलं. बघितलंत ना?

तेवढ्यात कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर सुरू झाली असेल. बल्ब जरासा दबला. जरासाच. माझा हात आपला सवयीनं गेला पट्टीवर. ढकलली. बल्ब वर आला. ओढली. बल्ब खाली गेला. ढकलली...

आणि बल्ब हलायला लागला.

आधी थोडा. मग बराच. मग असा की कधी नव्हे तो! घर्रर्र... घुर्रर्र... मी जोरानं ओढते आहे, जोरानं ढकलते आहे, खांद्यातून कळ निघते आहे. पीठ पुन्हा रवा. बाहेरून बायका ओरडल्या, "हाली ऱ्हायना! अक्का, हाली ऱ्हायना!"

"चाकं चालू केली असतील! बघा!"

"नई! चाकं उभीच शेतस!"

मी धावत दारात आले, बघितलं, परत पट्टीशी. चाकं उभीच होती! सगळीच्या सगळी! मग कोण? माझं डोकं चालेना. आता कुणावर ओरडू? जन्मात पहिल्यांदा मला ओरडायला माणूस सापडेना. आणि पुढ्यात देवीचं दळण जाड पडत होतं. आता थोड्या वेळात वन्संची गाडी येणार, सगळ्या टोपल्या तिच्यात चढणार, आणि आमचा मान त्या डिझेलच्या धुरात जाणार.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "डोंगरवाला नई, कोणीच नई. कानबाई झोका खाई ऱ्हायनी."

बायकांनी डोक्यावर पदर ओढून घेतले.

आबा पुढं आले. टोपी काढली. "अक्का, पाया पड. देवीना दळणले हात लावाना पहिले काही चुकनं व्हई."

मी पट्टी सोडली आणि दोन्ही हात जोडले. डोळे मिटले. "माय, काही चुकलं असेल तर पदरात घे."

डोळे उघडले. बल्ब दोन-चार हेलकावे खाऊन हळूहळू शांत होत होता. होता होता अगदी सरळ झाला. गिरणीचा सूर सरळ!

"कानबाई मायकी जय!" सगळी रांग ओरडली.

मी लगेच पट्टी धरली, कामाला लागले. थोड्या वेळानं बल्ब पुन्हा हलायला लागला. पुन्हा हात जोडले. शांत! पुन्हा धरली. हलला! पुन्हा जोडले. शांत!

आता तुम्हीच सांगा, कुणाच्याही डोक्यात काय येईल? इंदूबाईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ती म्हातारी वाकून माझ्या पायाला हात लावायला लागली, मी "नको गं माय" म्हटलं. पण पाय मागं घेतला नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, देवीनं निवडलं असेल मला. गावात दुसरं आहे तरी कोण?

आणि तो पुण्याचा साहेब! पोत्यावरून उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. कधी बल्बकडं बघे, कधी माझ्या हाताकडं. मग म्हणाला, "अक्का, एक विनंती करू? पुन्हा पट्टी धरा."

धरली. बल्ब हलला.

"आता नमस्कार करा."

केला. बल्ब शांत.

"पुन्हा धरा."

मी सगळ्यांकडं अशी नजर टाकली, की बघा, साहेबसुद्धा नमला! कुणीतरी नारळ आणायला धावलं. साहेबानं मला चांगला चार-पाच वेळा नमस्कार करायला लावला. मग चष्मा काढला, पुसला, आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, देवीला ह्यात नका आणू. बल्ब तुम्ही हलवताय."

"काय?"

"तो मोठा झोका. मी डोंगरभर शोधला तो. तुमचा आहे."

मी त्याच्यापुढं खांदा केला. "मी? मी हलवते? अहो, मी तर सावरते! खांदा बघा माझा!"

"तेच तर. बल्ब फुलला की तुम्ही दाणे सोडता, बरोबर? पण दाणे पेटीतून दगडाखाली जायला वेळ लागतो. तोवर बल्ब आपोआप खाली यायला लागलेला असतो. नेमका तेव्हाच तुमचा भार मोटरवर पडतो, आणि तो आणखी खाली जातो. मग तुम्ही घाबरून दाणे तोडता. त्याचा परिणाम होईपर्यंत बल्ब वर चढायला लागलेला असतो, तो आणखी वर जातो." तो थांबला. "झोक्यावर पोर बसलंय. झोका पुढं निघाला की मागून ढकलायचं. झोका थांबेल का वाढेल?"

"वाढेल," रांगेतल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या. पोरांना झोका कुणी दिला नाही?

"अक्का आषाढापासून ढकलतायत. आणि ह्या लाइनला एवढी मोठी मोटर गिरणीचीच, म्हणून गावभर दिवे हलतात."

"पण तुमची चाकं यायच्या आधी..."

"आमचा झोका होताच. एवढासा. तुम्ही त्याला धरून एवढा केलात."

"आणि मी बाजाराला जाते तेव्हा दिवे शांत असतात, ते?"

साहेबाच्या आधी इंदूबाईच बोलली. "तव्हय गिरणी बंद ऱ्हास ना गं, अक्का."

मी नानांकडं बघितलं. नाना पत्र्याकडं बघायला लागले.

अहो, चाळण्या-सुपं घेऊन मी डोंगरावर गेले! त्या माणसाच्या हातावर पीठ ओतलं! वाऱ्याच्या भर दिवसांत त्याची सगळी चाकं थांबवली! आणि चोर कोण? मी, कपाळावर कुंकू लावून उभी!

गाव हसेल म्हणून मी वाट बघत होते. हसलं नाही. माझ्या भीतीनं. तोंडात पदर कोंबून नुसते खांदे हलत होते. हसू दाबणारं गाव तुम्ही बघितलंय का? त्यापेक्षा हसलेलं बरं.

पण दळण तर व्हायचं होतं. साहेबानं पट्टी एका जागी बसवून दिली आणि म्हणाला, "आता हिला हात लावायचा नाही. एवढंच काम."

एवढंच काम! तुम्हाला सोपं वाटतं? बल्ब जरा दबला की माझा हात सुटायचा पट्टीकडं, बैल गोठ्याकडं सुटावा तसा. दोनदा गेला. दोनदा बल्ब हलला. दोनदा बायका किंचाळल्या. मग आबांनीच निवाडा केला, "अक्का, तू हात जोडीसनच बस. सोडूच नको."

मी बसले. गिरणीसमोर पाट टाकून, हात जोडून, बोटांत बोटं अडकवून. टोपल्यांमागून टोपल्या दळून गेल्या. पीठ असं पडलं, हाताला रेशमासारखं. एकही रोट त्या वर्षी फाटला नाही म्हणतात. माझ्या हाताला काम नव्हतं तेव्हा!

शेवटच्या टोपल्या चालू होत्या आणि वन्सं स्वतः गाडी घेऊन आल्या. दळणं भरायला. आत बघतात तर गिरणी सुरळीत चाललेली आणि मी, जिनं आयुष्यात कुणापुढं मान वाकवली नाही ती, पाटावर हात जोडून बसलेली.

वन्संचं तोंड उघडंच राहिलं. "वहिनी, कोणले हात जोडी ऱ्हायनी?"

मी इंदूबाईकडं बघितलं.

"लाइटीले," इंदूबाई म्हणाली. "हात सोडा की ती हालस."

आणि मग ते गाव हसलं. आषाढापासूनचं साठलेलं सगळं हसू एकदम सुटलं. आबा हसले, नाना हसले, साहेब पोत्यावर बसून डोळे पुसत होता. मला उठून एकेकाला झोडायचं होतं. पण हात सोडायची सोय नव्हती!

पुढं डोंगरावर त्यांचं यंत्र आलं, तो बारीक झोकाही गेला. साहेबाची बदली झाली. चाकं अजून फिरतात, दिवे सरळ जळतात. पण गावाची सवय गेली नाही. आजही कुणाच्या घरी बल्ब जरा लुकलुकला की वायरमनला कोणी बोलवत नाही. खिडकीतून माझ्या घराकडं तोंड करून ओरडतात, "अक्का, हात जोडा!"

आणि खरं सांगू का? मी ओरडते, शिव्या देते, त्यांच्या सात पिढ्या काढते. पण पदराखाली हळूच जोडते.

न जाणो!